कपाच्या बुडातली बाई

परवा भूमला नातीकडं गेले, तर तिनं माझा जुना कप बघायला एक माणूस बोलावलेला. जुनी भांडी पारखतो म्हणे. लोक काय काय पारखत बसतात…

त्यानं नखानं टिचकी मारली, कप घंटीसारखा वाजत राहिला. खिडकीला धरला, तर पलीकडची बोटं अंधूक दिसली. मग पालथा केला अन् झिलईच्या आतला हिरवा शिक्का बघून म्हणाला, "आजी, हा फ्रान्सचा आहे. शंभर वर्षांच्या वरचा."

मग बूड उजेडाला धरलं अन् बघतच राहिला. तिथं सगळेच अडकतात.

बुडात एक बाई आहे. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. सावलीत नुसता पांढरा कप… उजेडाला धरला की ती आपल्याकडं बघते.

बहात्तरच्या दुष्काळात हा कप विहिरीतून निघाला. आमच्या गावाबाहेर निजामाच्या वेळच्या एका साहेबाचं घर होतं, त्याची विहीर. त्याची बायको त्या विहिरीत बुडून गेली असं म्हणायचे, म्हणून तिकडं कुणी फिरकत नसे. बाकीच्या विहिरी कोरड्या पडल्यावर भीती गिळली अन् माणसं या विहिरीचा गाळ काढायला उतरली. आमचे मालकही उतरले.

खाली ओल लागली त्याच दिवशी गाळाच्या टोपल्यात हा कप आला. एक टवका नाही. मी राखेनं घासला अन् थोरल्या जाऊबाईंना त्यातच कोरा चहा दिला. त्या उन्हात बसून प्यायल्या, शेवटच्या घोटाला कप वर केला अन् किंचाळल्या, "अगं बया! ती आत हाय, माझ्याकडं बघतीय!"

झालं. घटकाभरात सगळी माणसं विहिरीतून वर. म्हातारे म्हणाले, बुजवून टाका. मी म्हटलं, "बुजवा की. अन् उद्यापासून थुंकी गिळा."

कप घेऊन बसले, बुडावरनं बोट फिरवलं. सगळीकडं सारखं नव्हतं. कुठं खोलगट, कुठं उंचवटा… पापड लाटून उजेडाला धरला की पातळ जागा उजळते, जाड जागा काळी दिसते. हे तसंच काहीतरी. माती कमीजास्त ठेवून कुणीतरी बाई काढली होती.

चिमूटभर पिठाचा पापड लाटला, त्यावर नखानं दोन डोळे अन् तोंड दाबलं, सगळ्यांपुढं उन्हाला धरला. "बघा, हीपण बघतीय. हिलाही भ्या."

"मेलं तुझं तोंड!" जाऊबाई म्हणाल्या, पण हसल्या. आमच्या मालकांनी दोर धरला अन् पुन्हा उतरले. त्यांच्या मागं बाकीचे.

दुसऱ्या दिवशी टोपल्यात जोडीचा कप आला. मी धुतला, कुणी नाही असं बघून आडोशाला गेले अन् उन्हाला धरला. तीच खिडकी. तीच खुर्ची…

खुर्ची रिकामी.

विहिरीतून पहारीचे आवाज येत होते. हाक मारली तर सगळे वर येणार अन् पुन्हा कुणी उतरणार नाही. न मारली, तर माझा माणूस खाली… अन् ती कुठं?

कप पदरात गुंडाळला अन् काठावर जाऊन बसले. ऊन मी म्हणत होतं, तरी हलले नाही.

मग एकदम पहारी थांबल्या. सगळ्याच. मी मालकांना हाक मारली, तर उत्तर नाही… पुन्हा मारली. लई वेळानं खालून आवाज आला, "पाणी! अगं, पाणी लागलं!"

सगळे वर आले. मी एकेकाचं तोंड बघून घेतलं.

दुसरा कप आजवर कुणाला दाखवला नाही. करणाऱ्यानं दोन वेगळी चित्रं केली असतील, एवढं मलाही कळतं. पण त्या विहिरीवर इतकी वर्षं पाणी शेंदलं, आत वाकून एकदाही बघितलं नाही.

बाई, तू कुठंही अस. पाणी दिलंस अन् आमची माणसं परत दिलीस. लई उपकार.