मशीन वाजली नाही म्हणून

मंडळी, आज जे घडलं ते लगेच लिहितो.

मी घरी मेटल डिटेक्टर बनवला, हे तुम्हाला माहीतच आहे. तांब्याच्या तारेची कॉइल, एक आयसी, बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. लोखंडी पाना जवळ नेला की मस्त वाजायचा.

आज दुपारी इथे नवापूरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत टांगताना शेजारच्या काकींच्या कानातली सोन्याची कुडी वाळूत पडली. मला बोलावलं. मी मासळी वाळवायचं सगळं खळं मशीन घेऊन पिंजून काढलं. गंजके खिळे सापडले, कुडी नाही.

काकी म्हणाल्या, "मशीन वाजली नाय म्हंजे वाळूत नाय. कोणाच्या तरी पदरात हाय."

बोंबील टांगणाऱ्या सगळ्या बायका सुमनकडे बघायला लागल्या. ती काकींकडे रोजाने बोंबील टांगायला येते. तिने सगळ्यांसमोर पदर झटकून दाखवला आणि ती निघून गेली.

मला राहवेना. घरी येऊन बायकोची कुडी परातीत वाळूखाली पुरली आणि वरून कॉइल फिरवली. आवाजच नाही! कॉइल कुडीला टेकवली तेव्हा कुठे जराशी कुरकुरली. सोन्यावर मी कधी तपासूनच बघितलं नव्हतं.

धावत जाऊन काकींना सांगितलं, तर म्हणाल्या, "आता काय सांगतोस रं? तवा तर गप उभा होतास."

मशीनही गप्पच होती. पण तिचं सगळ्यांनी ऐकलं.

सकाळी चाळण घेऊन सगळी वाळू चाळणार आहे. पण कुडी नाहीच मिळाली, तर सुमनच्या दारात जाऊन मी काय बोलू?