हिरवं लुगडं आन परक्या कंपनीचं चार्जर

माह्या लहान बहिनीनं सकाळी जीव सोडला. भाच्याचा फोन आला. रडत नोता तो, घाईत होता. म्हने, "मावशी, उन लय तापून राह्यलं. चार वाजता उचलतो. तू लुगडं घेऊन ये."

आमच्यात बाई मेली का तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडलं पायजे. नवरा जिता असन तं हिरवं. आमचे माय-बाप कवाचेच गेले, भाऊ नाई. तिचं माहेर म्हनजे मी एकटीच उरली होती. मी नाई पोचली तं ते बिनमाहेराची जाईन. माय मेली तवा ते दीड वर्साची होती. तिले पाठीशी बांधून मी जंगलात तेंदूचे पानं तोडले. वाढवली मीच. आता येवढं एकच काम राह्यलं होतं.

बहीन दिली होती एटापल्लीच्या अलीकडे, जंगलात. आमी इकडे मूलकडचे. यष्टीनं दोन जागी बदलून जाता जाता सांज झाली असती. सून दवाखान्यात नर्स आहे, तिनं बिजलीवाली गाडी घेतली आहे. पन आदल्या दिवशी वारा-वावधन सुटलं आन गावातली लाइन गेली. गाडीत निम्मीच बिजली होती.

सून म्हने, "आत्याबाई, गडचिरोलीत भरून घेऊ. बसा."

मी लुगडं मांडीवर घेऊन बसली. ते म्हने, मागं ठेवा ना. मी नाई ठेवलं. आमच्या मायनं सांगून ठेवलं होतं, मयतीचं लुगडं घरून निघालं का खाली ठेवाचं नाई, कोनाच्या घरात न्याचं नाई, आन कोनासाठी आहे ते वाटेत कोनाले सांगाचं नाई. सांगतलं तं ते लुगडं आयकनाऱ्याच्या घराकडे पायते, तिथं बी मयत पडते.

आमच्या गाडीच्या कंपनीचं बिजली भराचं यंत्र तिकडे कुठीच नाई. गडचिरोलीत दुसऱ्या कंपनीच्या दुकानापुढं दोन होते. एक बिघडलेलं, त्याले पांढरा कपडा गुंडाळून दोरीनं बांधलं होतं. मले त्याच्याकडे पायवलं नाई. दुसऱ्याले त्यायचीच एक गाडी लागून होती.

चौकीदार उठून आला. म्हने, "बाई, आधी आमच्या कंपनीच्या गाड्या. तुमची दुसरीच आहे."

"पिन तं सारखीच आहे ना, भाऊ?"

"पिन सारखी. मोबाईलमधलं ॲप वेगळं."

सुनेनं ते ॲप घेतलं. त्याच्यात नंबर टाका, मंग मेसेज येते म्हने. मेसेज येऊन नाई राह्यला. नुसतं गोल गोल फिरे. तेवढ्यात चौकीदारानं माह्या मांडीवरचं लुगडं पायलं.

"लग्नाले निघाल्या का माय? नवरीचं दिसते लुगडं! मंग काऊन घाई करून राह्यल्या? लगन तं सांजचं असन. नवरा काई पळून नाई जात!"

सुनेनं माह्याकडे पायलं. मी मान हालवली, नोको सांगू.

"भाऊ, लग्नाची बी घाई राह्यते ना," ते म्हने. तिचं तोंड सुकून गेलं होतं.

त्या लागलेल्या गाडीचं भरनं कवाचंच झालं होतं. मालक जेवाले गेलेला. त्याच्याबिगर पिन काढता येत नाई म्हने. चौकीदार मले म्हने, आत थंड्यात बसा माय. मी लुगडं घेऊन आत कशी जाऊ? लिंबाखाली उभीच राह्यली. घंटाभर झाला, अजून अर्धा झाला. पाय भरून आले.

मंग भाच्याचा फोन. "मावशी, कुठी आहा? अंग फुगून राह्यलं. लोकं चारपर्यंत बी थांबत नाई म्हनते."

मी चौकीदाराजवळ गेली. म्हनलं, "भाऊ, हे लग्नाचं नोहे. माही बहीन मेली."

तो दोन पाय मागं सरला. "आधी काऊन नाई बोलली माय?"

त्यानं मालकाले फोन लावून बोलावलं, ती गाडी काढाले लावली, आन आमची आपल्या मोबाईलवरून सुरू करून देल्ली. मंग हळूच म्हने, "माह्या घरी बी बायको पडून आहे. पंधरा दिवस झाले."

मले मायचं बोलनं आठवलं. मी लुगडं पदराखाली घेतलं. पन त्यानं ते पायलं बी होतं आन आयकलं बी होतं.

घंटाभर भरली. सून म्हने अजून थांबू, मी म्हनलं चाल. तिनं एसी लावला नाई. आष्टी गेली, आलापल्ली गेली. पुढं लोखंडाच्या दगडाचे ट्रकच ट्रक, एकाच्या मागं एक. लाल धूळ, दिवसा लाइट लावून चालत होते. फोनची रेंज गेली. दोन्ही अंगानं सागाचं जंगल, पाखरू बोलत नोतं. बिजलीचा आकडा उतरत गेला, वीस, पंधरा, नऊ. मंग समोर कासवाचं चित्र आलं.

"आत्याबाई, आता गाडी पळत नाई. अशीच चालन."

"चालू दे. थांबवू नोको."

बैलगाडीसारखी गेली मंग. मी सुनेले म्हनलं, मी उतरून पायी जातो. ते म्हने, "बसा चूपचाप. तुमच्यापेक्षा गाडी तरी बरी चालते."

गावाच्या शिवेवर तिरडी भेटली. तोंड झाकून, दोर आवळून झालं होतं. बांधलेली तिरडी सोडत नाई, आमाले ठाव आहे. भाच्यानं लोकाइले थांबवलं. मी दोराच्या वरूनच हिरवं लुगडं पसरवलं, डोक्यापासून पायापर्यंत. तिचं तोंड मले दिसलं नाई.

बहिनीची जाऊ बायाइत उभी होती. म्हने, "अंगाले नाई लागलं. दोराले लागलं. याले माहेरचं म्हनत नाई."

भाचा म्हने, "पडलं मावशी. पोचलं. आयकू नोको तिचं."

मानसं तिले घेऊन नाल्याकडे उतरले. आमी बाया तिथूनच परतलो.

गाडीत कासवच होतं, गावात लाइन येजा करे, तशीच थोडी थोडी भरली. तिसरा दिवस करूनच आमी निघालो. येताना गडचिरोलीत त्याच यंत्रावर थांबा लागलं. तो चौकीदार नोता. दुसराच होता. सून म्हने, त्याच्या बायकोचं इचारू का? मी म्हनलं, नोको.

दोन सालं झाले. म्हातारी बाई भेटली का मी इचारतो, दोराच्या वरून पडलं तं पोचते का वो? कोनी पोचते म्हनते. कोनी कामाचं नाव सांगून उठून जाते.