दिपकच्या टेबलावरचा फोन

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असं विचारलं, तर बाहेरचा माणूस म्हणेल, लूमचा. चूक. दिपकचा. त्याला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून सगळं जगच बहिरं आहे अशा समजुतीने तो बोलतो. त्याने चहा मागवला की गेटवरच्या वॉचमनलासुद्धा कळतं.

मी महेश्वरी. अक्कलकोट रस्त्यावरच्या या कारखान्यात हिशेब बघते, वळसंगहून रोज एसटीने येते. दिपक आमचा डिझायनर. टॉवेलवरची फुलं, वेलबुट्टी, हॉटेलांची नावं तो कॉम्प्युटरवर काढतो आणि खाली शेडमध्ये लूम ती विणतात. आधी तो त्याच शेडमध्ये लूमवर उभा असायचा. संध्याकाळी सात रस्ता चौकातल्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकला आणि जिना चढून ऑफिसात आला. डोकं वर आणलं, कान मात्र त्या खडखडाटातच राहिले. वर आल्याचा त्याला गर्व आहे. असावाच. पण किती असावा याला काही सुमार?

समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून त्याला कळतं. फोनला ओठ नसतात. आणि त्याच्या टेबलावरचा फोन दिवसभर वाजायचा. कधी गिऱ्हाईक, कधी शेडमधून लूम दुरुस्त करणारे आमचे जॉबर, नरसय्यामामा. फोन वाजला की मी उठायचं, ऐकायचं, दिपकसमोर जाऊन ओरडायचं, मग त्याचं उत्तर फोनमध्ये ओरडायचं. घरी गेल्यावर माझी सासू विचारायची, "भांडून आलीस काय गं?" शेडचा फोन तर शिक्षाच. लूमच्या आवाजात मामांना तिकडे काही कळत नसे, मला इकडे. मामा "हां, हां" म्हणायचे आणि मनाला येईल ते विणायचे.

उन्हाळ्यात अशीच एक ऑर्डर चुकली आणि सगळा माल परत आला. खापर दिपकवर फुटलं. मालक रेवणप्पा आण्णा मनाने वाईट नाहीत, पण नुकसान झालं की माणसाला कुणीतरी समोर लागतंच. मला बोलावून म्हणाले, "महेश्वरी, दिपकला सांग. दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या आत फोनचं काय ते बघ म्हनावं. न्हाईतर पॅकिंगला घालतो त्याला. डिझाइनला फोन घेणारा मानूस पायजे की."

पॅकिंग म्हणजे दिवसभर टॉवेलच्या घड्या. मी दिपकला सांगितलं, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला.

"अक्का, मी काढलेल्या फुलांच्या घड्या मीच घालू व्हय?"

त्याच्या ओरडण्याची मला कधी भीती वाटली नव्हती. त्या हळू बोलण्याची वाटली.

दुसऱ्या दिवशी आवाज परत आला होता. "फोन कशाला पायजे? लिहून बोलू की!" म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन माझ्या टेबलावर घ्यायचे आणि कारखान्यातलं सगळं बोलणं कॉम्प्युटरवर चॅटने. मोबाइल चालणार नव्हता. एकदा नवं डिझाइन फोटोतून बाहेर गेलं आणि दुसऱ्याच कुणाच्या मालावर दिसलं, तेव्हापासून सगळ्यांचे मोबाइल गेटवरच्या पेटीत जमा होतात. आण्णांची अट एकच होती. कारखान्यातलं अक्षर कंपाउंडच्या बाहेर जाता कामा नये.

मग दिपकने चॅटची ॲप्लिकेशनं आणून लावायचा सपाटा सुरू केला. पारखायची त्याची रीत एकदम रांगडी. ॲप्लिकेशन लावायचं, मला "जेवलीस का" असं पाठवायचं आणि इंटरनेटची वायर उपटायची. निरोप पोचला तर पास, नाही तर नापास. माझं जीएसटीचं रिटर्न अर्ध्यात लटकलं, त्याचं काय? साहेबांना शिव्या ऐकू येत नाहीत, मी घातल्या तेवढ्या फुकट गेल्या.

पहिलं ॲप्लिकेशन दिसायला नवरीसारखं होतं. वायर निघाली आणि मुकं झालं. दुसऱ्याने आधी प्रत्येकाचा मोबाइल नंबर मागितला. "नंबर कशाला? सोयरीक जुळवायची हाय व्हय?" म्हणत दिपकने ते काढून टाकलं. तिसरं दिसायला अगदीच दळभद्री, पण ओपन सोर्स होतं. म्हणजे फुकट, आणि आतलं सगळं उघडून बघायची, बदलायची मुभा. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याचं ठाणं, म्हणजे सर्व्हर, बसवलं. वायर उपटली तरी "जेवलीस का" माझ्यापुढे हजर. मी माझ्या कन्नडमधून "हो" लिहिलं, मामांनी शेडमधल्या कॉम्प्युटरवरून त्यांच्या तेलुगूत काहीतरी लिहिलं, सगळी अक्षरं धड उमटली.

पण शेडमध्ये ते हरलं. निरोप आला की घंटी वाजायची, आणि तिथे घंटी ऐकणार कोण? मामा पाठ करून उभे आणि निरोप तसाच पडून. मी म्हटलं, संपलं.

"अक्का, शेडमधे समदेच बहिरे," दिपक म्हणाला. "बहिऱ्याला घंटी लावून काय उपेग? उजेड पायजे." आणि हे झाकण ठोकून बंद केलेलं यंत्र नव्हतं, जॉबर लूममध्ये घालतो तसा आत हात घालता येणारं होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या वेबसाइटवर दिपकने मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. कुठल्या देशातला कोण जाणे, एकाने उत्तर दिलं. याने परत विचारलं, त्याने परत सांगितलं. शेवटी कुठलीशी ओळ बदलली आणि निरोप येताच अख्खा स्क्रीन पिवळाधमक होऊन लुकलुकू लागला. दिपक नाचायचाच बाकी होता. "अक्का, इतकं बोललो त्याच्याशी, मला ऐकू येत न्हाई हे त्याला कळलंच न्हाई की!"

माझे डोळे भरून आले. सांगायला लाज कसली?

आता अडचण यंत्राची नव्हती, आमची होती. आमच्या लोकांचा लिहिण्यावर विश्वास नाही. मामा निरोप पाठवायचे आणि मागोमाग जिना चढून सांगायला यायचे, "मेसेज पाठवलोय, बगा!" मीही पाठवून दिपकसमोर जाऊन ओरडायची, "पाठवलाय!" आण्णा म्हणाले, "मग यापेक्षा फोन काय वाईट होता?" दिपकचं तोंड उतरलं.

आणि दिवाळीच्या ऑर्डरी आल्या. त्या दिवशी सगळे लूम एकाच हॉटेलच्या टॉवेलवर चालू होते. आण्णा ऑफिसातच बसले होते. गिऱ्हाइकाचा फोन मी घेतला. किनार तांबडी नको, निळी हवी. मामांना सांगायला मी सवयीने जिन्याकडे धावले.

"हातानं बोल!" दिपक गरजला.

मी परत फिरले आणि टाइप केलं, 'किनार तांबडी नको, निळी. सगळे लूम थांबवा.'

आमचं ऑफिस शेडच्या माथ्यावर आहे. टेबलं दिवसभर थरथरत असतात, आम्हाला ते जाणवतही नाही. दिपकने तळवा टेबलावर टेकवला आणि डोळे मिटले. लूम चालूच होते. चालूच होते. मग एकेक करत आवाज विरला.

"शेवटचा पन थांबला," डोळे न उघडताच दिपक म्हणाला.

स्क्रीन पिवळा झाला. मामांनी लिहिलं होतं, 'थांबवलं. वीतभरच विणलंय. निळा लावतो.'

आम्ही सगळे जिन्याकडे बघत राहिलो. मामा आता सांगायला येतील. आले नाहीत. थोड्या वेळाने टेबलं पुन्हा थरथरू लागली.

आण्णा उठले, दिपकजवळ गेले, ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या खुर्चीत बसून एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं, 'तुझ्या टेबलावर फोन कशाला ठेवलाय अजून?'

दिपकने वाचलं. पुन्हा वाचलं. मग आजवर इंटरनेटची उपटली त्याच्या दुप्पट जोराने फोनची वायर उपटली आणि फोन आण्णांच्या हातात दिला.

शेवटी पॅकिंगला गेला तो फोन, आणि तो खुद्द आण्णांनी नेऊन ठेवला. दिपकने सगळ्या कारखान्याला चहा मागवला. तो मात्र तोंडाने.