तीन मिनारांचा रुपया

माझ्या आत्यावर अन्याय झाला. मंठ्यात, पोळ्याच्या आदल्या बाजारी, भर दुपारी, कापडाच्या दुकानात, सगळ्या गर्दीसमोर. हे आधी लिहून ठेवतो, कारण लोक विसरायला टपलेले असतात.

तो बाजार मला अजून आवडतो, हीच तर चीड आहे. आत्या तूप विकायची. मी निजामाविरुद्धची पत्रकं चोरून वाटायला लागलो, तरी बाजाराला जायचो तिच्याच बैलगाडीतून. खाली पत्रकं, त्यावर तुपाची घागर, घागरीला टेकून आत्या. तिथं हात घालायची हिंमत शिपायालाही नव्हती. परतताना रेवड्या अन् तिच्या खणखणीत शिव्या. सगळं त्या दुपारी संपलं.

बैलाला झूल घ्यायला तिनं कनवटीचा रुपया काढला. निजामाचा, चारमिनारवाला. दुकानदारानं तो उजेडात धरला. मिनार तीनच!

"बाई, चांदी खरवडली का? का चौथा मिनार तुपात तळला?"

दुकान हसलं. आमच्याकडं रीत अशी की खोटा रुपया उंबऱ्यावर खिळ्यानं ठोकायचा. म्हणजे येणारा-जाणारा विचारतो, "हा कोणाचा?" चांदी कमी भरते का, हे त्यानं तोलूनही पाहिलं नाही, तिथंच ठोकला.

"आरं, मला असाच आल्ता," आत्या सांगत राहिली. कोण ऐकतो? पुढच्या बाजारी तिची घागर भरलेलीच परत आली. जी चांदी खरवडते ती तुपात काय कालवत असेल, म्हणे!

मग मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांना दुकानात नेलं. तरुणपणी ते हैदराबादच्या टांकसाळीत नाणी पाडायचे ठसे पुसून साफ करायचे. भिंग डोळ्याला लावून ते उंबऱ्यावर ओणवे झाले.

"नख फिरव बेटा. खरवडलं असतं तर खळगा लागला असता, ओरखडे दिसले असते. इथं बिलकुल सपाट. ठशात तेलाचा गाळ बसला, मिनार उठलाच न्हाई. ही टांकसाळीची चूक." मग खिळ्याभोवती फाटून वर आलेल्या चांदीवर त्यांनी बोट ठेवलं. "नुकसान हे बघा, सेठ. अन् हे तुमच्या हातचं."

दुकानदारानं खिळा उपटला. दुसरा रुपया माझ्या हातावर टेकवला. "झालं ना बराबर? जा आता, गिऱ्हाइकं खोळंबली."

चूक झाली, एवढं चारचौघांत त्याच्या तोंडून निघालं नाही. आत्या पुन्हा मंठ्याला गेली नाही. "मंग काय, चाचांना संगं घेऊन तूप विकू?" म्हणते. घागर कोनाड्यात पालथी पडली आहे.

दुकानदाराला मी सोडणार नाही. पण आज बोलतोय तुमच्याशी, बाजारकरूंनो. त्या दुपारी तुम्ही हसलात. उंबरा ओलांडताना "हा कोणाचा?" विचारलंत अन् गावोगाव तिचं नाव पोचवलंत. येत्या बाजारी त्याच दुकानासमोर उभे राहा अन् तितक्याच मोठ्यानं सांगा, बाईचा रुपया खरा होता. सांगून झालं की तिच्या दारी जा, अन् तिच्या तोंडावर हेच बोला.