ए-वनवाले श्यामकांत

जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये श्यामकांत खांबेटे कोण, असं विचारलंत तर मराठी मंडळीतलं शेंबडं पोरही सांगेल, "ते ए-वनवाले काका का?" आता हे ए-वन म्हणजे झकास, फर्स्ट क्लास, भेळवाल्याच्या पाटीवरचं ए-वन नव्हे. तसं असतं तर हे लिहायला कोण बसलं असतं? हे ए-वन म्हणजे इंग्लंडातला रस्ता. लंडनहून निघतो, एडिंबरोला पोचतो. मधे काय काय लागतं ते श्यामकांतला विचारू नका. विचारलंत तर जेवायला थांबावं लागेल, आणि स्वयंपाक सरिताला करावा लागेल.

माणूस दिसायला साधा. पोटाची चाल पुढे, केसांची मागे. गाड्यांच्या कारखान्याला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत तो टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो, आणि तेच काम घरी फुकट करतो. जर्मनीत येऊन त्याला बारा वर्षं झाली. त्याआधी, लग्नापूर्वी, तो एक वर्ष इंग्लंडात पीटरबरो नावाच्या गावी होता. बारा वर्षांची जर्मनी त्याच्या अंगाला लागली नाही. त्या एका वर्षाच्या इंग्लंडावर मात्र तो अजून ढेकर देतो.

"यांचे हायवे, हे आउटोबान, म्हणजे नुसते आकडे रे," तो चहाचा कप हातात घेऊन म्हणतो. "सहा काय, एक्क्याऐंशी काय. रस्ते आहेत की टोकन नंबर?"

"आणि ए-वन काय, आडनाव आहे?" हा दत्ता. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि श्यामकांतला टोचल्याशिवाय त्याला रविवार पचत नाही.

"दत्ता, त्या रस्त्याला इतिहास आहे."

मग इतिहास. आधी रोमन लोकांनी सैन्य न्यायला तिथे सडक टाकली, म्हणजे निदान काही तुकड्यांवर तरी. मग ती ग्रेट नॉर्थ रोड झाली. घोड्यांच्या टपालगाड्या धावू लागल्या. लंडनहून निघालेला माणूस हाडं खिळखिळी करून घेत चौथ्या दिवशी एडिंबरोला उतरायचा. स्टॅमफर्ड गावात तर एका खानावळीची पाटी अख्ख्या रस्त्यावर आडवी टाकलेली आहे, थेट फाशीच्या खांबासारखी. सज्जनांना "या", लुटारूंना "सांभाळून या". मग शंभरेक वर्षांपूर्वी सरकारने रस्त्यांना नंबर लावायचे ठरवले, तेव्हा पहिला नंबर कुणाला? हे सांगताना श्यामकांतची छाती अशी फुगते की जणू नंबर याच्याच शिफारशीने लागला.

"आणि स्टिल्टन," तो म्हणतो. "त्या गावाच्या नावाचं चीज जगभर खातात. पण कायद्याने ते त्या गावात बनवता येत नाही."

"तुझ्यासारखंच की," दत्ता म्हणाला. "राहतोस जर्मनीत, पण जर्मन काही तुझ्याकडे बनत नाही."

हे लागलं. लागायलाच हवं होतं. कारण इथे जर्मन भाषेला पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्यांची नावं कुणीतरी केवळ श्यामकांतची खोडी काढायला ठेवलेली असावीत. सगळ्यात खालची पायरी ए-वन. तिच्यावर ए-टू. मग बी-वन. इथलं नागरिकत्व हवं तर बी-वन लागतं. बारा वर्षं झाली तरी श्यामकांत पहिल्या पायरीवर सतरंजी अंथरून बसलेला. बेकरीत जाऊन बोट दाखवायचं, "दास", म्हणजे "ते", म्हणायचं, आणि वर आभाराचं "डांके" टाकून बाहेर पडायचं. पलीकडच्या म्हाताऱ्या शेजारणीने जिन्यात पाच मिनिटं काही सांगितलं की हा "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", करत मान हलवतो. एकदा ती बाई आपला नवरा गेल्याचं सांगत होती.

सरिताचं तसं नाही. ती बालवाडीत शिकवते, तिथल्या पोरांबरोबर जर्मनमध्ये भांडते. ती आणि मुलगी अन्वी दोघी केव्हाच जर्मन नागरिक झाल्या. विमानतळावर त्या दोघी एका रांगेतून सुळकन निघून जातात आणि हा दुसऱ्या लांबलचक रांगेत उभा राहून त्यांना हात करतो.

आणि नेमकी इथेच मेख होती. श्यामकांतला आयुष्यात एक गोष्ट हवी होती. ए-वनवरून लंडन ते एडिंबरो स्वतः गाडी हाकायची, बायकोमुलीला बाजूला बसवून, गावागावाचा इतिहास सांगत. आणि तीही व्हिसाच्या खिडकीपुढे बँकेचे कागद पसरून नव्हे, तर जर्मन पासपोर्ट खिशात घालून, ऐटीत. मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याने माइक हातात घेऊन तसं जाहीर करून टाकलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं.

बी-वनची परीक्षा तो याआधी दोनदा नापास झाला होता. तिसऱ्या वेळी सरिताने ताट वाढता वाढता सांगून टाकलं.

"हे बघ श्याम, या वेळी पास झालास तर तुझा पासपोर्ट येईपर्यंत थांबू. नाही झालास तर शाळेच्या शरद ऋतूतल्या सुट्टीत मी आणि अन्वी जातोय. गाडी मी चालवीन."

"ए-वनवर? तू?"

"का, तिथे बायकांना बंदी आहे?"

श्यामकांतचा घास तसाच राहिला. त्याच्या रस्त्यावर त्याच्याशिवाय जाणार. त्याहून वाईट म्हणजे, डोळे उघडे ठेवून जाणार. त्याची नजर दिवाणखान्यातल्या शोकेसकडे गेली. तिथे गणपतीपासून जरा सभ्य अंतर ठेवून एक हिरवी रिकामी बाटली उभी होती.

या बाटलीची कथा ऐकल्याशिवाय त्या घरातून कुणी बाहेर पडलेलं नाही. ए-वनने उत्तरेला जाताना एक जागा लागते, स्कॉच कॉर्नर. श्यामकांत सांगायचा, कोपऱ्यावरच जुनं दुकान, आत लाकडी पिंपं, गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचा म्हातारा. मी गाडी कडेला घेतली, म्हाताऱ्याशी चार गोष्टी केल्या, आणि ही घेतली. कुणाला शंकाही आली नाही. का यावी? ज्यूस कॉर्नरला ज्यूस मिळतो, साडी कॉर्नरला साडी. मग स्कॉच कॉर्नरला काय, गोमूत्र मिळणार?

तर परीक्षा. श्यामकांतने अभ्यास केला, पण कसा? त्याने ए-वनवर एक जर्मन भाषण बसवलं आणि ते न्हाणीघरात घोकलं. समोर कुठलाही विषय येवो, आपण गाडी ए-वनवर आणायची, असा त्याचा डाव. शाळेत आपण नाही का, गाईवरचा निबंध पाठ करून नदीवरच्या प्रश्नात गाय बुडवायचो.

तोंडी परीक्षेला जोडीदार म्हणून एक सिरियन न्हावी आला. दोघांनी मिळून वर्गाची सहल ठरवायची होती. कुठे जायचं, कसं जायचं, कुणी काय आणायचं. समोर परीक्षक बाई, चष्मा नाकावर.

न्हावी म्हणाला, "आपण तळ्याकाठी जाऊ. मी ग्रिल आणतो. तू बटाट्याचं सॅलड आणशील?"

"आ-आइन्स," श्यामकांत म्हणाला. ए-वनला जर्मनमध्ये आ-आइन्स म्हणतात. "आपण आ-आइन्सवरून जाऊ."

न्हाव्याला वाटलं जर्मन आउटोबान. "ती तर हाम्बुर्गकडे आहे. फार लांब. तळं इथे जवळ आहे. सॅलडचं काय?"

"नाही, नाही. लंडन. रोमन लोक. घोडे."

"घोडे कोण आणणार?" न्हाव्याने प्रामाणिकपणे विचारलं.

परीक्षक बाईंना दया आली. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, की तुम्हाला या रस्त्याबद्दल एवढं का वाटतं. श्यामकांतला हा प्रश्न पाठ होता. तो ताठ बसला. पंधरा वर्षं मी ए-वनचा भक्त आहे, असं त्याला म्हणायचं होतं. पण भक्तासाठी शब्द सापडेना, म्हणून तो गाळून त्याने उरलेलं वाक्य ठणकावून सांगितलं, ज्याचा अर्थ झाला, "पंधरा वर्षं मी ए-वन आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "या," त्या म्हणाल्या, "दास ह्योर्ट मान."

म्हणजे, हो, ऐकू येतंय तसं. श्यामकांतने हसून "गेनाऊ" म्हटलं.

घरी येऊन त्याने सांगितलं की परीक्षक बाई एकदम खूश झाल्या. सरिताने कोथिंबीर निवडायला घेतली.

निकाल फोनवर आला तेव्हा तो सोफ्यावर होता.

"काय आलं?" सरिताने विचारलं.

"ए-टू."

म्हणजे बी-वन नाहीच. खालून दुसरी पायरी. पासपोर्ट पुन्हा लांबणीवर.

अन्वी मोबाइलमधून मान वर न करता जर्मनमध्ये बोलली. त्या घरात बाप मराठीत विचारतो, लेक जर्मनमध्ये उत्तर देते आणि आई मधे बसून दोघांना समजावते. बापाने अन्वीला लहानपणी गोष्टींऐवजी इंग्लंडचे रस्ते शिकवले होते, ते आता कामी आलं.

"काय म्हणाली?" श्यामकांतने विचारलं.

"म्हणाली, ए-टू डोव्हरला जातो ना बाबा? तिथून बोट पकडून इंग्लंडच्या बाहेर." सरिताने मराठी करून सांगितलं.

शरदाच्या सुट्टीत दोघी गेल्या. लंडनला गाडी भाड्याने घेतली. सरिता पुण्यात गाडी शिकलेली, डावीकडून चालवायला तिला काय शिकवायचं? श्यामकांत इकडे नेकारसुल्ममध्ये मोबाइल घेऊन बसला आणि दर तासाला सूचना देऊ लागला. स्टॅमफर्डला पाटी बघा. ग्रँथमला चहा घ्या. डॉनकास्टरला डावी लेन धरा. सरिता "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची. दुपार झाली तशी मात्र सूचनांची चाल बदलली.

"स्कॉच कॉर्नरला थांबू नका हं. सरळ पुढे जा."

"का रे?"

"पार्किंगचा त्रास आहे."

आता नवऱ्याने थांबू नको म्हटल्यावर कुठली बायको थांबणार नाही? त्या वेळी नेमका दत्ता श्यामकांतकडे चहाला बसला होता. नेमका म्हणजे, वेळ साधूनच आला होता. व्हिडिओ कॉल आला, तो त्यानेच पुढे होऊन उचलला.

"श्याम, आलो आम्ही स्कॉच कॉर्नरला," सरिता म्हणाली. मागे ट्रक घोंघावत होते. "कॉर्नर कुठाय?"

"कुठाय म्हणजे?"

"इथे कोपराच नाही. गोल आहे."

"क्राइझेल, बाबा," अन्वीचा आवाज आला. क्राइझेल म्हणजे गोल चौक, एवढं जर्मन श्यामकांतलाही येतं.

"दुकान आतल्या बाजूला असेल," तो म्हणाला.

"आतल्या बाजूला गवत आहे. बाहेर पेट्रोल पंप, हॉटेल. पंपावरच्या बाईला विचारलं मी, स्कॉचचं जुनं दुकान कुठे म्हणून. ती म्हणाली, स्कॉच म्हणजे दारू नव्हे, स्कॉटलंड. इथून स्कॉटलंडचा फाटा फुटतो म्हणून हे नाव. असं विचारणारी मी तिला पहिलीच भेटले."

"बंद पडलं असेल. म्हाताराच होता तो."

दत्ता तोवर उठून शोकेसपाशी गेला होता. इतक्या वर्षांत ती बाटली सगळ्यांनी पाहिली होती, पण उलटी करून कुणी पाहिली नव्हती. त्याने केली.

"श्याम," तो शांतपणे म्हणाला, "याच्या बुडाला ड्यूटी फ्रीचं लेबल आहे रे."

फोनवरून सरिताने विचारलं, "श्याम, तुझ्याकडे तेव्हा लायसन तरी होतं का? तू गाडी तर इथे येऊन शिकलास."

"टोनी चालवायचा."

"कोण टोनी?"

"कंपनीच्या व्हॅनचा ड्रायव्हर. आम्ही सगळे मागे बसायचो. रोज."

"कुठून कुठे?"

श्यामकांतने चहाच्या कपात पाहिलं. तिथेही काही मदत नव्हती. "पीटरबरो ते हंटिंग्डन."

अन्वीने नकाशात बोट फिरवल्याचं कळलं, कारण क्षणभराने ती म्हणाली, "हाल्बे श्टुंडे, बाबा."

अर्धा तास. रोमन, घोडे, टपालगाड्या, फाशीचा खांब, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, सगळं मिळून अर्धा तास, तोही मागच्या सीटवर, आणि टोनीच्या म्हणण्याप्रमाणे, झोपलेला. हे टोनीचं मी आपलं मनाने घातलंय. पण श्यामकांत ऑफिसच्या गाडीत जागा राहिलेला आजवर कुणी पाहिलेला नाही.

"ठेवते," सरिता म्हणाली. "अजून डरहॅम आहे, न्यूकॅसल आहे. तुझ्यासारखी सांगत बसले तर एडिंबरो उद्या येईल."

रात्री तिने एडिंबरोचा फोटो पाठवला. दोघी दात काढून हसत होत्या. श्यामकांतने त्यावर अंगठा दाखवला आणि बाटली शोकेसमधून काढून काचेच्या कचऱ्यात टाकून आला. पलीकडची म्हातारी खिडकीतून बघत होती. तिने काही विचारलं, हा "गेनाऊ" म्हणाला.

तुम्हाला वाटेल, आता माणूस सुधारला असेल. निदान गप्प तरी बसला असेल. यंदाच्या दिवाळीला मंडळी तेच बघायला लवकर आली होती. दत्ताने तर पुढची खुर्ची धरली. श्यामकांत आला, चकलीचा तुकडा मोडला, आणि म्हणाला, "ए-वनमध्ये आता राम राहिला नाही. नुसते ट्रक. सरिता बघून आली ना, विचारा. खरा रस्ता म्हणजे ए-टू. लंडन, कँटरबरी, डोव्हर. हजार वर्षं यात्रेकरू त्याच वाटेने गेलेत. इतिहास तो आहे."

"आणि बी-वन?" दत्ताने विचारलं.

"बी?" श्यामकांतने तोंड वाकडं केलं. "इंग्लंडात बी म्हणजे आडवाटा. मेंढरांसाठी. आपण ए वाले."

सरिताने त्याच्या ताटात आणखी एक चकली ठेवली.

"मंगळवारी पुढचा क्लास सुरू होतोय," ती म्हणाली. "आडवाटेने जा, पण वेळेवर जा."