पुतळा शेवटच्या बांधावर

गावात पुतळा बसवायचं ठरलं, तेव्हा मी आईवर जाम चिडले होते. लांज्याहून घरी आले, तर ही बाई पुतळ्याच्या बैठकीला जाऊन आलेली! "पाट कोरडा ठणठणीत आणि यांना पुतळा हवाय. तू कशाला त्यांच्यात?" आई तांदूळ निवडत बसली होती. ती निवडतच राहिली.

पुतळा होता डोंगरातल्या बंधाऱ्यापासून गावापर्यंत पाट काढणाऱ्या पहिल्या इंजिनेराचा. आई याच गावची लेक आणि याच गावची सून. पाट खणला तेव्हा ती परकरी पोर होती, आपल्या आईमागून मातीची घमेली वाहायची. इंजिनेर बायकांना म्हणाला होता, "शेवटच्या बांधाला पाणी लागलं की माझं काम झालं."

शेवटचा बांध आमचा. आमची बौद्धवाडी पाटाच्या अगदी टोकाला. पाणी लागलं, पण थोडीच वर्षं. दिवाळीनंतर पाट सोडायच्या आधी घरटी एक माणूस गाळ काढायला यायचा, पण वरच्या वाड्या आपल्या शेतापुरतं काढायच्या आणि बंधाऱ्यावर नारळ फोडून मोकळ्या व्हायच्या. खाली पाणी पोचलं की नाही, कोण बघतो? भात कापलं की आमची जमीन उन्हात तडकत पडायची. "डोळे मिटायच्या आधी एकदा हितं चवळी बघायची हाय," आई म्हणायची.

बैठकीत काय झालं ते मला शेजारणीने सांगितलं. पुतळा बंधाऱ्यावर बसणार होता. आई उठली नि म्हणाली, "सरपंचानू, थंय डोंगरात गाडी जाते काय? पाव्हण्यांना डोलीतून नेणार? आमच्या वाडीशी डांबरी रस्ता हाय. आमच्या बांधावर बसवा, जागा मी देतंय." सगळे खूश. टाळ्यासुद्धा पडल्या म्हणे. मग खाली बसता बसता आई म्हणाली, "पण पाणी आणणाऱ्याच्या पायाशी कोरडा पाट? पाव्हणे हसतील हो."

सरपंचांनी तिथल्या तिथे टोकापर्यंत गाळ काढायची तारीख ठरवली. अगं माझे आई! आणि मी हिलाच भोळी समजत होते.

त्या वर्षी पहिल्यांदा बंधाऱ्यापासून आमच्या बांधापर्यंत सगळा पाट साफ झाला. वरच्या वाडीचे लोक आमच्या वाडीत फावडी घेऊन उतरले, आमच्या ओटीवर बसून चहा प्याले. कुरकुरले, पण आले.

अनावरणाच्या सकाळी पाणी सोडलं. पाहुणे आले, भाषणं झाली, पाण्याचा पत्ता नाही. सरपंचांनी नारळ उचलला, तशी आई ओरडली, "थांबा! पाणी येऊ दे." पाहुण्यांसमोर! मला लाजेने मेल्यासारखं झालं. ती अनवाणी पाटात उतरून उभी राहिली. कुणाची हिला बाहेर काढायची छाती होईना. किती वेळ गेला कोण जाणे. आधी सुका पालापाचोळा सरकत आला, मागून गढूळ फेस, आणि मग तिची पावलं बुडली. "आलं गो बाय!" म्हणून ती रडायलाच लागली. मीही. नारळ तिथे फुटला.

तेव्हापासून नारळ शेवटच्या बांधावरच फुटतो, पाणी लागल्याशिवाय फुटत नाही. त्यामुळे पाट आता दरवर्षी टोकापर्यंत साफ होतो. आई चवळी लावते. शेंगा तोडायला मलाच बोलावते आणि पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसून माझ्या चुका काढते.

यंदाही वरच्या वाडीचे लोक नारळ घेऊन आमच्या अंगणात आले. "काकी, पाणी पोचलं काय वो?" पाणी केव्हाच पोचलं होतं, आईनेच मला सांगितलं होतं. तरी ती आत भाकऱ्या थापत राहिली. मी हळूच म्हणाले, "अगं, थांबलेत ते."

"थांबू दे घटकाभर," आई म्हणाली. "वाट बघणं काय असतं, त्यांना कळू दे."

मग हात धुतले, पदर सारखा केला आणि सावकाश बाहेर आली.