कुंकू लावलेला पास

निघायच्या आधी आबांनी गाडीची पूजा केली. जर्मनीत त्सुफेनहाउझेनमधल्या आमच्या इमारतीचं अंगण, रविवारची सकाळ, तळमजल्यावरच्या आजी पडद्याआडून बघतायत आणि माझे सासरे माझ्या मोटरसायकलच्या चाकाखाली लिंबू ठेवतायत. झेंडू मिळाला नव्हता म्हणून हँडलला बाल्कनीतलीच लाल फुलं बांधली होती. गाडी काही नवी नव्हती, पण आबा तिच्यावर पहिल्यांदाच बसणार होते, म्हणजे पूजा आलीच. मी हेल्मेट हातात धरून, सुनेने उभं राहावं तशी उभी होते.

आबा इस्लामपूरला जनावरांचे डॉक्टर होते. सगळी नोकरी मोटरसायकलवर, वस्तीवस्तीवर जाऊन केली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकदा न्हाणीघरात घसरले आणि तेव्हापासून पायांवरचा त्यांचा विश्वासच उडाला. गुडघा छान आहे असं तिकडचे डॉक्टर म्हणाले, इकडचेही म्हणाले. आबा दोघांनाही मान डोलावून दाखवायचे आणि पुन्हा भिंत धरून सोफ्यापर्यंत जायचे. काठीचं नाव काढलं की, ‘‘काठी म्हातारे घेतात,’’ म्हणायचे. उन्हाळाभर आमच्याकडे राहून बदल होईल असं समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं होतं. परतीची तारीख जवळ येत होती आणि बदल शून्य. असेच गेले तर तिकडे पलंगावरून उठणार नाहीत, या धास्तीने मला रात्री झोप लागत नव्हती.

आणि एके दिवशी माझी गाडी बघून ते आपणहून म्हणाले, ‘‘केतकी, हिच्यावर बसता येईल गं मला.’’ त्या उन्हाळ्यात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मग मी ती सोडते होय!

श्वार्ट्सवाल्डमध्ये (काळं जंगल, झाडी इतकी दाट की नाव पटतं) एक तळं आहे. सरकारी जंगल असल्यामुळे शेवटचा रस्ता श्रांकं (आडवा दांडा) टाकून बंद असतो. लोक तिथे गाड्या लावून चालत जातात. ज्यांना चालता येत नाही, त्यांच्या गाडीला पास मिळतो. मी मोटरसायकलचा नंबर देऊन अर्ज केला. पास गाडीला असतो, गाडीला किती चाकं असावीत हे कुठे लिहिलं नव्हतं. पोस्टाने पास आला. जाड कागद, गोल शिक्का आणि मधल्या चौकटीत कुणीतरी शाईच्या पेनने, सुरेख निळ्या अक्षरात आमचा नंबर लिहिलेला.

‘‘काय लिहिलंय?’’ आबांनी विचारलं.

‘‘चालायला त्रास असलेली व्यक्ती बरोबर आहे, असं.’’

आबांनी पास घडी करून खिशात ठेवला.

त्या रविवारी पूजा आटोपल्यावर आमची लेक इरा अंगणात येऊन म्हणाली, ‘‘आजोबा, हास्ट दू आंग्स्ट?’’ (भीती वाटतेय का?) तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून जर्मनच येतं. आबांना जर्मन येत नाही, तरी ते बरोबर उत्तर देतात. ‘‘तुझी आई चालवणार म्हटल्यावर वाटणारच,’’ ते म्हणाले. समीरने त्यांना मागे बसवलं. लिंबू फुटलं, आणि सून पुढे, सासरे मागे अशी आमची वरात निघाली.

शहर सुटेपर्यंत त्यांनी माझं जॅकेट दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं. काल्व गावाच्या अलीकडे रस्ता नदीच्या कडेने वळणं घ्यायला लागला, तशा मुठी सैल झाल्या. वळणावर ते माझ्याआधी अचूक झुकत होते. एका गावात बेकरी उघडी दिसली म्हणून थांबलो. आबांनी ब्रेत्सेल (खाऱ्या पावाचं वेटोळं) हातात फिरवून पाहिलं, त्यावरचे मिठाचे खडे नखाने काढून टाकले आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी भरून खाल्लं. मीही तसंच खाल्लं. मिठाशिवाय आणि चटणीसकट ते कितीतरी बरं लागतं.

दांड्यापाशी पोचलो तेव्हा हवेत ओल्या लाकडाचा वास होता. हिरव्या शर्टातली एक तरुण रेंजर पुढे आली. तिला आधी हँडलवरची फुलं दिसली, मग आबा दिसले, मग ती म्हणाली, ‘‘पास?’’

आबांनी खिशातून पास काढला. मी तो उलगडला. पासावर मधोमध ओल्या हळदीकुंकवाची बोटं उठली होती. जिथे निळा नंबर होता तिथे आता जांभळा डाग होता.

‘‘आबा, हे काय?’’

‘‘पूजा. गाडीचा कागद म्हणजे गाडीचंच अंग. त्याला वगळायचं?’’

मी रेंजरला ते जर्मनमध्ये सांगितलं. हे वाक्य जर्मनमध्ये अजिबात चांगलं वाटत नाही.

‘‘आल्झो (बरं तर),’’ ती म्हणाली. पास उन्हात धरून तिने वाचायचा प्रयत्न केला. फोन काढला, तर जंगलात नेटवर्क नाही. ऑफिस रविवारी बंद. ‘‘नंबर दिसत नाही. वाईट वाटतं, पण मी दांडा उचलू शकत नाही.’’ मग आबांकडे बघून थोडं हळू म्हणाली, ‘‘आजोबांना मी माझ्या जीपमधून वर सोडते. गाडी इथे राहू दे.’’

मी आबांना सांगितलं. मला हायसं वाटलं होतं. आबा गाडीवरून उतरलेही नाहीत.

‘‘गाडी टाकून मी जाणार नाही. मी काय सामान आहे?’’

आता परत फिरायचं का? मी अगदी रडकुंडीला आले. इतकी खटपट केली, अर्ज केला, आणि चिमूटभर कुंकवापायी परत जायचं! तेवढ्यात इथल्या लायसन्सच्या लेखी परीक्षेतला एक प्रश्न आठवला. वाहनांना बंदी असलेल्या रस्त्यावरून मोटरसायकल नेता येते का? येते, ढकलत. मी तो प्रश्न तेव्हा चुकले होते, म्हणून तर लक्षात राहिला.

‘‘इंजिन बंद करून ढकलत नेली तर?’’ मी रेंजरला विचारलं.

तिने क्षणभर विचार केला आणि हसली. ‘‘गेनाऊ (अगदी बरोबर). ढकला. पण वर कुणी बसायचं नाही.’’

मी आबांना सगळं सांगितलं. आबा रस्त्याकडे बघत बसले. रस्ता खडीचा, जवळजवळ सपाट, वळणाआड गेलेला. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली उतरले. मागचं कॅरियर दोन्ही हातांनी धरलं.

‘‘चल. आणि हँडल ओढू नकोस, गाडी कमरेला टेकव.’’

आम्ही दांड्याच्या बाजूने आत शिरलो. मी पुढे हँडल धरून, आबा मागे कॅरियर धरून. माझं सगळं लक्ष आरशात. आरशात आबांचं कपाळ आणि घट्ट मिटलेले ओठ दिसत होते. बाक आला की थांबायचो. एक वयस्कर जोडपं समोरून आलं, ‘‘ग्र्युस गॉट’’ (इकडचा रामराम) म्हणालं, आणि पेट्रोल संपलं का म्हणून आस्थेने चौकशी केली. नाही म्हटल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे. मला घामाच्या धारा लागल्या होत्या. छोटा चढ आला तशी गाडी एकदम हलकी झाली. मागून आबा चक्क ढकलत होते.

‘‘आबा, जोर लावू नका.’’

‘‘तू पुढे बघ.’’

मी पुढे बघितलं. चढ संपला, झाडी विरळ झाली आणि उजवीकडे कुंपणापलीकडचं कुरण दिसायला लागलं. सहज आरशात पाहिलं, तर आरसा रिकामा.

 स्टँड लावून मी वळले. आबा पडले नव्हते. ते मागे, कुंपणापाशी उभे होते. कुरणात तांबड्या गाई चरत होत्या आणि आबा त्यांच्याकडे, लग्नात ओळखीचं माणूस भेटावं तसे बघत होते. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून ते कुंपणाच्या कडेकडेने पुढे चालू लागले. एक गाय मान वर करून त्यांच्याबरोबर चालायला लागली. तिच्याशी ते इस्लामपुरी मराठीत काहीतरी बोलत होते.

न राहवून मी म्हणाले, ‘‘आबा, तुम्ही काही धरलेलं नाही.’’

ते थांबले. आपल्या हातांकडे बघितलं. चेहऱ्यावर क्षणभर जुनी भीती आली.

‘‘अगं, बोलू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘विसरलो होतो तेच बरं होतं.’’

मी वळून पुन्हा हँडल धरलं. ते दोनचार पावलं तसेच आले, मग कॅरियरला एकच हात लावला. तळ्यापर्यंत तो एकच हात होता.

तळं काळंभोर होतं, सगळी झाडं त्यात उलटी उतरलेली. टपरीवर आम्ही आप्फेलशोर्ले (सफरचंदाच्या रसात सोडा) घेतलं आणि दशम्या खाल्ल्या. आबांनी बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ आपला ऑपरेशनचा गुडघा कुरवाळत बसले. 

परतताना दांड्यापाशी रेंजर म्हणाली, ऑफिसात जा, नवा पास लिहून देतील. मी भाषांतर केलं. आबांनी ‘‘नाइन, दांके’’ (नको, धन्यवाद) म्हटलं. उन्हाळाभरात त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं जर्मन.

घरी समीर आधार द्यायला खाली धावत आला. आबांनी त्याला बाजूला केलं, एका हाताने कठडा धरला आणि सावकाश जिना चढले. इरा त्यांच्या पुढे उलटी चढत होती, श्वास रोखून. वर पोचल्यावर आबांनी समीरला एवढंच विचारलं, ‘‘माझी गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली आहे ना अजून?’’

‘‘आबा, तुम्ही गाडी चालवणार नाही आहात,’’ समीर घाबरून म्हणाला.

‘‘चालवतंय कोण?’’

आता ते इस्लामपुरात रोज सकाळी गाडी ढकलत ओढ्यापर्यंत जातात आणि ढकलत परत येतात. वाटेत प्रत्येक जण पेट्रोलचं विचारतो. आधी ते सगळ्यांना जर्मनीचा कायदा समजावून सांगायचे. परवा फोनवर म्हणाले की आता सांगत नाही, कारण हल्ली ओढ्यापर्यंत गेल्यावर गाडी कधीकधी तिथेच विसरून येतो.